पुड्यातल्या पिठावर कर, कट्ट्यातल्या तांदळाला माफी

(परभणी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी कर भरणारे किती जण आहेत? हात वर करा.

तीन हात. बरं. आता आज सकाळी चहा पिऊन आलेल्यांनी हात वर करा.

सगळे. म्हणजे तुम्ही सगळे करदाते आहात. चहापत्तीवर ५ टक्के जीएसटी आहे, साखरेवर ५ टक्के आहे. ज्या गॅसवर चहा उकळला त्या सिलिंडरवरही ५ टक्के आहे. फक्त दुधावर नाही. एक कप चहात आपण तीन ठिकाणी कर भरला आणि तरीही इथे तीनच हात वर आले.

आजचा विषय किराणा आहे असं मी संयोजकांना कळवलं, तेव्हा त्यांना जरा नवल वाटलं. आपल्या अभ्यासवर्गात तलाक, शिक्षण, आरक्षण, दंगली, संविधान हे विषय होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण आपल्या घरात दर महिन्याला नियमाने जो विषय येतो तो किराण्याच्या यादीचा. अम्मी ती यादी करते, अब्बा ती बघून एक-दोन वस्तू खोडतात. त्या यादीवर सरकार काय घेतं, का घेतं आणि ते घ्यावं की नाही, यावर आपण कधी बोललोच नाही. आज ते बोलू.

आधी नियम काय आहे ते पाहू

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हाचा नियम असा होता की गहू, तांदूळ, डाळ, पीठ सुटं असेल किंवा साध्या पिशवीत असेल तर कर नाही. नोंदणीकृत ब्रँडचं पाकीट असेल तर ५ टक्के. जून २०२२ च्या अखेरीस चंडीगडला जीएसटी परिषदेची ४७ वी बैठक झाली आणि १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला. ब्रँड असो वा नसो, आधीच पॅक करून लेबल लावलेलं धान्य, डाळ, पीठ, रवा, बेसन, मुरमुरे, गूळ, दही, ताक, लस्सी या सगळ्यांवर ५ टक्के लागले. सुटं घेतलं तर शून्य.

मोजमापाच्या कायद्यातली '२५ किलोपर्यंतचं पॅकिंग' ही मर्यादा त्यात आली. २५ किलोपेक्षा मोठं पोतं असेल तर ते या व्याख्येतच बसत नाही, म्हणजे त्यावर कर नाही. त्यानंतर २६ आणि ३० किलोचे तांदळाचे कट्टे बाजारात का आले, हे मोंढ्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

आता याचा अर्थ घरात काय होतो ते बघा. ५० रुपये किलोचा तांदूळ धरू. ज्याच्या हातात एकदम १,५०० रुपये आहेत तो ३० किलोचा कट्टा घेतो आणि कर शून्य भरतो. ज्याच्या हातात आठवड्याची मजुरी आहे तो ५ किलोचं पाकीट घेतो. त्याला २५० वर साडेबारा रुपये कर. अशी सहा पाकिटं होईपर्यंत त्याने ७५ रुपये भरले. दोघांनी खाल्ला ३० किलोच तांदूळ. कर भरला तो कमी पैसेवाल्याने.

कुणी म्हणेल, त्याने सुटा घ्यावा. बरोबर आहे, परभणीत घेता येतो. आठवडी बाजारात, मोंढ्यात, गल्लीतल्या दुकानात सुटी ज्वारी मिळते, ती आपण गिरणीवरून दळून आणतो. जिंतूर, पालम, सोनपेठच्या खेड्यात तर बरीच घरं आपल्या किंवा नातेवाइकांच्या शेतातलीच ज्वारी खातात. पण तुमच्यातले निम्मे लोक शिकायला किंवा कामाला पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला जाणार आहेत. एका खोलीत चार जण राहता तेव्हा गहू निवडून, वाळवून, दळून कोण आणतो? तुम्ही पाकीटच घेता. शहरात गरीब माणसाचं धान्य हळूहळू पाकिटातच येत चाललंय, आणि पाकीट म्हणजे कर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर पुन्हा बदलले. यात काही गोष्टी चांगल्या झाल्या आणि त्या चांगल्या म्हटल्या पाहिजेत. अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. पाकीटबंद पनीर, पोळी, पराठा यांवरचा कर गेला. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा गेला. आपल्या रमजानचा खजूर १२ वरून ५ वर आला. पण पाकिटातलं पीठ, डाळ आणि तांदूळ होते तिथेच, ५ टक्क्यांवर राहिले.

हा वाद नवा नाही

खाण्याच्या वस्तूवर कर असावा का, हा प्रश्न या देशात शंभर वर्षांहून जुना आहे. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आपलं पहिलं अर्थसंकल्पीय भाषण केलं. सरकारकडे शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर कर कशाला, हा त्यांच्या मांडणीतला एक मोठा मुद्दा होता. ते दरवर्षी आकडे घेऊन उभे राहात गेले आणि पुढच्या काही वर्षांत मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने उतरला. १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले. मे महिन्यात त्यांना अटक झाल्यावर धरासणाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व कुणाकडे आलं, माहीत आहे? अब्बास तय्यबजींकडे. बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, वय पंचाहत्तरीच्या पुढे. वाटेतच त्यांना अटक झाली आणि मग सरोजिनी नायडू पुढे झाल्या. मिठावरचा कर गेला तो १९४७ मध्ये.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथे सीमेवर मालाची जकात वसूल करणारं खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा शब्द कुणीतरी ऐकलेला असेल. संस्थान भारतात आल्यावर १९५० साली हैदराबादचा विक्रीकर कायदा आला.

त्याच वर्षी २६ जानेवारीला संविधान लागू झालं होतं, आणि त्यात एक तरतूद होती जी आज बहुतेक लोक विसरलेत. कलम २८६ चा तिसरा खंड. समाजाच्या जगण्यासाठी आवश्यक म्हणून संसदेने ज्या वस्तू जाहीर केल्या असतील, त्यांच्या विक्रीवर राज्याने कर बसवायचा कायदा केला, तर तो राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवून त्यांची संमती मिळाल्याशिवाय लागू होणार नाही. १९५२ मध्ये संसदेने अशा वस्तूंचा कायदाही केला. धान्य, डाळी, मीठ त्यात होतं. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने ही तरतूद गेली. तिच्या जागी आंतरराज्य व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तूंची तरतूद आली. म्हणजे कसोटी बदलली. आधी प्रश्न होता, माणसाला जगायला काय लागतं? नंतर प्रश्न झाला, व्यापाराला काय सोयीचं?

महाराष्ट्रात व्हॅट होता तेव्हाची एक गोष्ट मला नेहमी आठवते. दर मार्चमध्ये राज्याचे अर्थमंत्री भाषणाच्या शेवटी एक यादी वाचायचे. तांदूळ, गहू, डाळी आणि त्यांचं पीठ, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, धणे, मेथी, पापड, ओला खजूर, सोलापुरी चादरी आणि टॉवेल, या वस्तूंवरची करमाफी आणखी एक वर्ष चालू राहील. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ती यादी यायची. ती ऐकायला गमतीशीर वाटायची, पण त्यात एक गोष्ट होती. विधानसभेत, आपल्या आमदारांसमोर, आपल्या भाषेत, दरवर्षी हा निर्णय जाहीर व्हायचा. आता तो परिषदेत होतो.

कर असावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं

आपण चळवळीतले लोक. आपली सवय अशी की समोरच्याची बाजू न ऐकता घोषणा द्यायची. आज तसं करायचं नाही. कर असावा म्हणणाऱ्यांचे चार मुद्दे आहेत आणि चारही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा पळवाटेचा. २०१७ ते २०२२ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी ब्रँडवरचा हक्क कागदोपत्री सोडून दिला आणि तोच माल, त्याच नावाने, बिनकराचा विकला. प्रामाणिक कंपनी कर भरायची आणि हुशार कंपनी वाचायची. हे खरं आहे. नियम बदलण्यामागे हे एक कारण होतं.

दुसरा मुद्दा असा की धान्यावर कर पहिल्यांदा लागला असं नाही. जीएसटीच्या आधीही काही राज्यं धान्यातून पैसा मिळवत होती. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जुलै २०२२ मध्ये सांगितलं की एकट्या पंजाबने धान्यावरच्या खरेदीकरातून २,००० कोटींहून जास्त मिळवले होते. हेही खरं आहे. मात्र आपल्या राज्याने ती वाट धरली नव्हती, हे मी आत्ताच सांगितलं.

तिसरा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण तो समजून घ्या. जीएसटीत प्रत्येक टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट पुढच्याला मिळते. वस्तू करमुक्त केली की ती साखळी तुटते. डाळ मिलवाल्याने यंत्रावर, पॅकिंगच्या पिशवीवर, दुरुस्तीवर कर भरला; त्याची डाळ करमुक्त असेल तर तो कर त्याला परत मिळत नाही. मग तो डाळीच्या भावात जातो. डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो आणि त्याची वजावट कुणालाच मिळत नाही. सेलू-मानवतहून निघालेला ट्रक मुंबईला पोचेपर्यंत तो कर मालात मिसळलेला असतो. म्हणजे आपण ज्याला शून्य कर म्हणतो तो खरा शून्य नाही, लपलेला कर आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार. करमाफीचा फायदा श्रीमंतालाही होतो, आणि रुपयात मोजला तर जास्त होतो, कारण तो जास्त किमतीचा तांदूळ आणि जास्त डाळ घेतो. त्यापेक्षा सगळ्यांकडून कर घ्या आणि तो पैसा गरिबाला रेशनमधून किंवा थेट खात्यात द्या. न्यूझीलंडमध्ये असंच आहे. तिथे खाण्यासकट जवळजवळ सगळ्यावर १५ टक्के कर आहे आणि गरीब कुटुंबांना सरकार वेगळी मदत देतं.

मग मला काय वाटतं

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करतो. श्रीमंत माणूस रुपयात जास्त भरतो, हे मान्य. पण ओझं रुपयात मोजायचं की कमाईच्या हिश्शात? एका घराची कमाई महिना १५,००० आहे आणि ते पाकिटातलं धान्य-डाळ-पीठ ३,००० चं घेतं. कर १५० रुपये, म्हणजे कमाईचा एक टक्का. दुसऱ्या घराची कमाई दीड लाख आहे आणि ते ६,००० चं घेतं. कर ३०० रुपये, म्हणजे कमाईचा पाव टक्काही नाही. दुसऱ्याने दुप्पट भरला, पण पहिल्याला तो पाचपट जड गेला. सरकारच्याच २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतात खर्चातले ४७ टक्के खाण्यावर जातात असं दिसलं, शहरात जवळपास ४० टक्के. ही सरासरी आहे. जो जितका गरीब, त्याचा खाण्यावरचा वाटा तितका मोठा. म्हणून खाण्यावरचा कर खालून वर जड होत नाही, वरून खाली जड होतो.

आणि कर घेऊन पैसे परत देण्याचा प्रयोग कसा चालतो, हे समजायला आपल्याला न्यूझीलंडला जायची गरज नाही. परभणीतच तो झालाय. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं, माणशी ५ किलो. त्यासाठीचं धान्य मिळणं थांबल्यावर २०२३ पासून सरकारने माणशी महिना १५० रुपये खात्यात द्यायचं ठरवलं, पुढे ते १७० झाले. आता हिशेब करा. ५ किलोला १५० म्हणजे किलोला ३० रुपये. तेवढ्यात बाजारात चांगला गहू येतो का, हे तुम्हीच सांगा. धान्य हातात असताना भाव वाढला तर फरक पडत नव्हता. रोख रक्कम आली की भाव रोज बदलतो आणि रक्कम तीच राहते, जोवर कुणीतरी शासन निर्णय काढत नाही तोवर. कर मात्र टक्क्यात आहे, तो भावाबरोबर आपोआप वाढतो. घेताना टक्केवारी आणि देताना ठरावीक रक्कम, यात कोण मागे पडतं ते उघड आहे.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर त्या मुद्द्यातच आहे. करमुक्त म्हणजे खरा शून्य नाही, हे कबूल. मग खरा शून्य करा. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य दर आहे, आणि तिथे विकणाऱ्याने मागच्या टप्प्यावर भरलेला कर त्याला परत मिळतो. दक्षिण आफ्रिकेत ब्राउन ब्रेड, मक्याचं पीठ, डाळी अशा मोजक्या वस्तूंना हीच सोय आहे. आपल्याकडे ही सोय प्रामुख्याने निर्यातीला आहे. परदेशात जाणाऱ्या मालाचा कर परत मिळतो आणि परभणीत खाल्ल्या जाणाऱ्या डाळीचा मिळत नाही. छोट्या दुकानदाराला परताव्याची कागदपत्रं झेपणार नाहीत हे खरं, पण डाळ मिल, पिठाची मिल नोंदणी करू शकते. निदान तिथपासून सुरुवात करता येईल.

पहिला मुद्दा पळवाटेचा. पळवाट बंद करायचे दोन रस्ते होते. एक, सगळ्या पाकिटांवर कर. दुसरा, कुठल्याच पाकिटावर नाही. दोन्हीत ब्रँड असणारा आणि नसणारा समान होतो. सरकारने पहिला निवडला. आणि निवडताना नवी पळवाट केली, २५ किलोची. आधीची पळवाट कंपन्यांसाठी होती. आताची पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी आहे.

माझं मत असं आहे. धान्य, डाळ, पीठ, मीठ, दूध, दही या थोड्याच वस्तूंवर पाकीट असो वा नसो, ५ किलो असो वा ५० किलो, कर नसावा. यादी मुद्दाम छोटी ठेवावी. कारण यादी लांबली की भांडणं वाढतात. कालपरवापर्यंत आपल्याकडे पोळीवर ५ टक्के आणि पराठ्यावर १८ टक्के होते, आणि पोळी कुठे संपते व पराठा कुठे सुरू होतो यावर वकील युक्तिवाद करत होते. गोडेतेल, साखर, चहा, मसाला यांवर ५ टक्के आहेत, त्यावर आज माझा आग्रह नाही. पोटात जाणाऱ्या पहिल्या घासापासून सुरुवात करू.

पैसा कुठून येणार?

हा प्रश्न टाळून करमाफी मागणं म्हणजे अर्धवट मागणी. रस्ता, शाळा, जिल्हा रुग्णालय, शिष्यवृत्ती, सगळं करातूनच येतं. आपल्या समाजाला तर सरकारी शाळेची आणि दवाखान्याची गरज जास्त आहे. म्हणून 'कर नको' असं आपण कधीच म्हणू नये. कर हवा, पण कुणाकडून आधी, हा प्रश्न आहे.

२०२४-२५ मध्ये देशाचा एकूण जीएसटी २२ लाख कोटींच्या पुढे गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितलं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील. वारशावरचा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कमाई असणाऱ्याला आयकर शून्य आहे. मध्यमवर्गाला दिलेल्या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही, उद्या तुमच्यातले काही तिथे पोचोत. पण महिन्याला लाख रुपये कमावणाऱ्याच्या कमाईला माफी आणि दिवसाला चारशे कमावणाऱ्याच्या पिठाच्या पाकिटाला नाही, ही रांग उलटी लागलीय एवढंच मला म्हणायचं आहे.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट सांगतो. राज्याचा कारभार संविधानाने चालावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण न्यायाची जाण माणूस घरातूनच शिकतो. जकातचा हिशेब तुम्ही घरात पाहिलाय. राहतं घर, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारं, घरात खायला ठेवलेलं धान्य, या हवाइज-ए-असलिया, म्हणजे मूलभूत गरजा, आधी बाजूला. कर्ज असेल तर ते वजा. मग जे उरतं ते निसाबाइतकं असेल, म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या मोलाचं, आणि त्यावर वर्ष लोटलं असेल, तर अडीच टक्के. आधी माणसाची गरज भागली का ते बघायचं, मग मागायचं.

आता गंमत बघा. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ उलटा झाला. मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर. गावात येणाऱ्या पोत्यावर तो लागायचा, पोतं कुणाच्या घरी जाणार आहे हे न विचारता. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये मुंबईचे जकात नाकेही बंद झाले. नाके गेले, पण पोत्याला विचारायचं आणि माणसाला विचारायचं नाही, ही पद्धत पाकिटावरच्या करात राहिली. आपण या शब्दाचे दोन्ही अर्थ जाणणारे लोक आहोत. त्यातला फरक समजावून सांगायची जबाबदारी आपल्यावर थोडी जास्त येते.

यात आपलं काय?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात दिसलं होतं की मुस्लिम समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त. गॅरेज, शिलाई, फळाची गाडी, बेकरी, वेल्डिंग, हातगाडी. या लोकांना पगाराची स्लिप नसते, फॉर्म १६ नसतो. म्हणून त्यांना कर न भरणारे समजलं जातं. 'आमच्या करावर हे फुकट रेशन खातात' हे वाक्य तुम्ही ऐकलंय. मोबाइलवर वाचलंय. काही जणांनी ते मान खाली घालून ऐकलंय.

आता एका मजूर घराचा हिशेब करू. आकडे अंदाजी आहेत, तुम्ही आपापल्या घरचे घाला. महिन्याला तेल ६०० चं, साखर १८०, चहा २००, मसाले २२०, साबण-तेल-पेस्ट २००, गॅस ९००. झाले २,३००. त्यावर ५ टक्के म्हणजे ११५ रुपये. कपडे धुण्याची पावडर १५०, तिच्यावर अजून १८ टक्के, म्हणजे २७. मोबाइलचा रिचार्ज ३००, त्यावर १८ टक्के, ५४. झाले १९६. वर्षाला साडेतेवीसशे रुपये, आणि यात पिठाचं एकही पाकीट धरलेलं नाही. कपडे, चप्पल, औषध, डिझेल-पेट्रोल, काहीही धरलेलं नाही. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत घेणारं घरही हा कर भरतं. ते फुकट खात नाहीत. किमतीत कर धरलेलाच असल्यामुळे तो दिसत नाही, एवढंच.

हे आपल्या समाजापुरतं नाही. गंगाखेडच्या वाटेवरचा ऊसतोड मजूर, मोंढ्यातला हमाल, भाजी विकणारी मावशी, सगळ्यांचं हेच आहे. पिठाच्या पाकिटाला धर्म नाही, जात नाही. म्हणूनच हा विषय आपल्याला आपल्या मोहल्ल्याबाहेर घेऊन जाणारा आहे. जुलै २०२२ मध्ये या कराविरुद्ध देशभर धान्याच्या बाजारपेठा बंद राहिल्या. तो बंद व्यापारी संघटनांचा होता. व्यापारी संघटित आहेत, ते बोलले. गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. आणि आपणही नव्हतो.

आता काय करायचं? मी मोर्चा काढा म्हणत नाही. तीन छोटी कामं सांगतो.

एक. पुढचा एक महिना घरातल्या प्रत्येक वस्तूचं बिल ठेवा. बिल मिळत नसेल तर वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी अम्मीसोबत बसून कराची बेरीज करा. बेरीज तिला मोठ्याने वाचून दाखवा. घरात करदाती कोण आहे, हे तिला कळू द्या.

दोन. नियम पाठ करा. सुट्या डाळीवर कुणी कर लावला तर तो चूक आहे, हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. कंपोझिशन योजनेत असलेला दुकानदार किंवा हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. तो आपल्यातलाच असेल तर त्यालाही सांगा. दुसऱ्यांना प्रश्न विचारायचा हक्क तेव्हाच येतो.

तीन. जीएसटी परिषद दूर दिल्लीत आहे असं वाटतं, पण तिच्यात प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. मतांचं वजन केंद्राला एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश मत लागतं. म्हणजे राज्यांशिवाय काही ठरू शकत नाही. आपल्या आमदाराला पत्र लिहा. त्यात एकच प्रश्न विचारा: पुढच्या बैठकीत महाराष्ट्र पाकिटातल्या पिठाबद्दल काय बोलणार आहे? परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, आपल्या जिल्ह्यात चार मतदारसंघ आहेत. चार पत्रं आज संध्याकाळीच लिहून होतील. सोबत आपल्या वहीतली बेरीज जोडा. गोखले आकडे घेऊन उभे राहिले होते, म्हणून त्यांचं ऐकावं लागलं.

आपल्याकडे म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. लोक ती आपली चेष्टा म्हणून सांगतात. मी तिचा अर्थ असा घेतो की जमलं तर जमलं, नाही जमलं तर आपलं गाव आहेच, तिथून पुन्हा सुरुवात करता येते. पत्राला उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहू.

आता प्रश्न विचारा. आधी त्या तीन जणांना बोलू द्या, ज्यांनी पहिल्यांदा हात वर केला होता.